तुटलं कुठे, बाई?

माझं सासर पोलादपूर आणि माहेर वाई. मधे आंबेनळीचा घाट, वर महाबळेश्वर, पुढे पाचगणी, आणि पसरणीचा घाट उतरला की आमच्या वाड्याची गल्ली. 1984 च्या मे महिन्यात नवी कोरी साडी आणि वळणांनी ढवळून निघालेलं पोट घेऊन मी हा घाट पहिल्यांदा उतरले. त्यानंतर दिवाळी, राखी, दोन बाळंतपणं, भावाचं लग्न, आईचं आजारपण. किती वेळा चढले-उतरले त्याचा हिशेब नाही. एसटीत मला खिडकीच लागते, नाहीतर मळमळतं. त्यामुळे चाळीस वर्षं या घाटाच्या भिंती मी हातभर अंतरावरून बघत आलेय.

बघत आले म्हणजे काय, डोळ्यांपुढून जात होत्या. काळा दगड, मग तांबडी पट्टी, परत काळा दगड. वानरं, करवंदाच्या जाळ्या, दरडीचे ढिगारे. एकदा वेळ जात नव्हता म्हणून पोलादपूरपासून वाडा कुंभरोशीपर्यंत तांबड्या पट्ट्या मोजल्या होत्या. अकरा भरल्या. बारावीच्या वेळी शेजारच्या बाईंचं बाळ रडायला लागलं आणि हिशेब चुकला.

गंमत म्हणजे मी शिकवत होते भूगोल.

सह्याद्रीचा धडा मला तोंडपाठ होता. सह्याद्री हा खरा पर्वत नव्हे, ती दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची कड. प्रस्तरभंग झाला, म्हणजे खडक तुटून सरकला, पश्चिमेकडचा भाग खचला, जी भिंत उभी राहिली ती सह्याद्री. फळ्यावर दोन ठोकळे काढायचे, मधे तिरकी रेघ, डावा ठोकळा खाली सरकवायचा आणि बाण दाखवायचे. मुलांना ही आकृती फार आवडायची, पट्टी घेऊन काढता येते ना! आकृतीला दोन मार्क हमखास मिळायचे.

1996 च्या आसपास आठवीच्या वर्गात कापड्याकडचा एक मुलगा होता. अभ्यासात बेताचा, उन्हाळ्यात बापाबरोबर विहिरी खोदायला जायचा. आकृती काढून झाल्यावर तो उठून उभा राहिला.

"बाई, आमच्या घरामागच्या कड्यात तांबडी पट्टी आहे. पुढच्या डोंगरातही तेवढ्याच उंचीवर आहे, तिथनं वर घाटातपण आहे. एकसारखी. मग तुटलं कुठे, बाई?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "तुटलेलं समुद्राखाली गेलंय. खाली बस."

योगायोगाने हे उत्तर निम्मं बरोबर होतं. पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं. मी फक्त त्याला गप्प केलं होतं.

निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांनी, जानेवारीत, माझ्या भावाची मुलगी घरी आली. पुण्यात भूशास्त्रात एमएस्सी करते. पाठीवर सॅक, सॅकला हातोडी, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग. चहा पिता पिता म्हणाली, "आत्या, तुझ्या गावाचं नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पेपरांत असतं, माहितीये का तुला?" मला वाटलं चेष्टा करतेय. पोलादपूरचं नाव मुंबई-गोवा महामार्गाच्या पाटीवर असतं, ट्रॅफिक जामच्या बातमीत असतं. जगभर कशाला?

मग तिने वहीच्या पानावर खालून वर लिहून दाखवलं. पोलादपूर. त्यावर आंबेनळी. त्यावर महाबळेश्वर. लाव्हाच्या थरांच्या गठ्ठ्यांची ही नावं. एका गठ्ठ्याला ते लोक शैलसमूह म्हणतात. कॉक्स आणि हॉक्सवर्थ या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी या घाटातल्या थरांचं रसायन तपासून 1985 साली ही मांडणी छापली, म्हणजे मी लग्न होऊन उतरले त्याच्या पुढच्याच वर्षी. माझ्या एसटीचे थांबे त्यांनी क्रमाने खडकांना दिले होते.

"आणि हे सगळे मिळून जो उपगट होतो ना," ती म्हणाली, "त्याचं नाव वाई."

म्हणजे पोलादपूर वाईत मोडतं! हे मी आमच्या घरी जेवताना मुद्दाम मोठ्याने सांगितलं. यजमान म्हणाले, "खाली कोण आणि वर कोण ते सांग आधी." खाली पोलादपूर, म्हणजे वयाने तेच मोठं. भाजी वाढताना मी तो मुद्दा सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाड्याची जीप घेऊन निघालो. एसटीत मी नुसती बघत होते, त्या दिवशी पहिल्यांदा उतरून हात लावला.

पहिला थांबा घाट सुरू झाल्यावर एका कापलेल्या भिंतीशी. माझी तांबडी पट्टी. जवळून ती वीतभर जाडीची होती, मधेच चार बोटं, मधेच हातभर. बोट घासलं की कुंकू लावल्यासारखं लाल होतं. तिच्या खालचा दगड चाळणीसारखा भोकाभोकांचा, आणि भोकांत पांढरे-हिरवट खडे भरलेले. लाव्हा थंड होताना आतली वाफ आणि वायू वर यायला बघतात, वरच्या सायीत अडकतात, त्यांचे बुडबुडे राहतात. पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर खनिजं येऊन बसतात. भाची भिंग डोळ्याला लावून झिओलाइट, स्टिल्बाइट असली नावं घेत होती. मी म्हटलं, आमच्याकडे विहिरी खोदणारे याला मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लागला की पाण्याची आशा असते, कारण त्यात चिरा असतात, तो पाणी धरतो. खाली टणक काळा पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च वाढतो आणि मालकाचं तोंड उतरतं. तिने वहीत 'मांजऱ्या' लिहून घेतलं, खाली रेघ मारली. एवढं समाधान मला सेवानिवृत्तीच्या शालीनेही झालं नव्हतं.

लाल पट्टीच्या वर परत काळा, घट्ट दगड सुरू. म्हणजे लाव्हाचा एक थर आला, पसरला, थंड झाला. मग मधे शांतता. त्या शांततेत वरचा पृष्ठभाग कुजला, त्याची माती झाली, कधी दुसरीकडून उडालेली राख त्यावर येऊन पडली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली, विटेसारखी. लाल पट्टी म्हणजे ज्वालामुखीची सुट्टी. आणि या सुट्टीतच तारीख सापडते: त्या राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात, त्यांतल्या युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजून वय काढतात. लाव्हाच्या काळ्या दगडातून, म्हणजे बेसॉल्टमधून, हे सहसा जमत नाही. मी ज्या पट्ट्या वेळ जावा म्हणून मोजत होते, त्याच पट्ट्या घड्याळ निघाल्या.

वय आहे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं. आणि एवढा सगळा डोंगर रचायला लागला वेळ जेमतेम दहा लाख वर्षांच्या आतबाहेर. 2019 साली यावर दोन वेगवेगळ्या गटांचे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. डायनोसॉर संपवणारा तो अशनी मेक्सिकोकडे आदळला तेव्हा इकडे कुठला थर ओतला जात होता, यावर त्यांचं पूर्ण जमत नाही. पण दोघांचंही बोट पोलादपूर थरांच्या आसपासच येतं. एकाच्या मते पोलादपूरचा जोर अशनीच्या काही दहा हजार वर्षं आधीच सुरू झाला होता, दुसऱ्याच्या मते अशनीचा क्षण त्याच्या खालच्या बुशे थराच्या आणि पोलादपूरच्या सीमेजवळ येतो. आमच्या नणंदेला हे सांगितलं तर म्हणाली, "बघ, आमच्या गावाने डायनोसॉर बघितलेत." बघितले असतील वा नसतील, गाव तेव्हा वितळलेलं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त पटली. मी भाचीला विचारलं की पोलादपूरचा थर संपून आंबेनळीचा सुरू झाला हे ओळखायचं कसं? ती म्हणाली, डोळ्यांनी नाहीच ओळखता येत. आणि खरंच, दोन तुकडे माझ्या हातात दिले, एक खालचा, एक वरचा. काळे, जड, कडेला मारलं तर खणखणीत वाजणारे. जुळे भाऊ. फरक प्रयोगशाळेत कळतो. पोलादपूरचा लाव्हा वर येताना वाटेतल्या जुन्या कवचातला ग्रॅनाइटसारखा खडक थोडा खाऊन आला, त्याची खूण स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणात राहिली. आंबेनळीचा जवळजवळ काही न खाता सरळ वर आला, त्यामुळे तो त्या मानाने शुद्ध. महाबळेश्वरची चव परत निराळी. एकाच चुलीवरची तीन कालवणं, वास घेतल्याशिवाय कळायची नाहीत.

इथे एक आडवी गोष्ट सांगते, कारण मला ती शिकवताना कधी सुचली नव्हती. सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर, म्हणून ते सगळ्यांत वरच्या, म्हणजे नव्या थरांचं असेल असं वाटतं. उलट आहे. कळसूबाईचं नाव सगळ्यांत जुन्या, तळाच्या उपगटाला दिलंय. त्यावर लोणावळा उपगट आणि त्यावर आमचा वाई. थरांना दक्षिणेकडे अगदी हलका उतार आहे, अंशभरसुद्धा नाही, पण दीडदोनशे किलोमीटर चालत गेलात की तेवढ्यानेही तळाचं वर आणि वरचं खाली होतं. पुस्तकांचा गठ्ठा जरा कलता ठेवून वरून करवतीने कापला तर डावीकडे खालचं पुस्तक दिसेल आणि उजवीकडे वरचं, तसं.

दुपारी आम्ही आर्थर सीटला पोचलो. तिथे पर्यटक वाऱ्यात बाटल्यांची झाकणं टाकून ती वर येतात का बघत असतात. भाचीने मला त्यांच्यापासून लांब, कठड्याच्या कडेला नेलं. समोर सावित्रीचं खोरं. जानेवारीत गवत वाळलेलं असतं, काही उतारांवर वणवा लागून गेलेला असतो, त्यामुळे डोंगराच्या पायऱ्या काजळ घातल्यासारख्या स्पष्ट दिसतात. उभा कडा, मग थोडी सपाटी, परत उभा कडा, परत सपाटी. कडा म्हणजे लाव्हाच्या थराचा मधला टणक गाभा, सपाटी म्हणजे त्याचा वरचा मऊ, बुडबुड्यांचा भाग आणि लाल पट्टी. गडांच्या माच्या या सपाट्यांवर आहेत, धनगरवाडे तिथेच आहेत, झरेही तिथेच. वरून मुरलेलं पाणी टणक थराच्या डोक्यावर अडतं आणि बाजूने पाझरतं. पावसाळ्यात हेच धबधब्यांवरून कळतं, पाणी एका उडीत खाली येतच नाही, प्रत्येक पायरीवर टेकून येतं. या पायऱ्यांवरूनच या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, स्वीडिश भाषेत जिन्याला तसला शब्द आहे. आम्ही मुलांना हे वाक्य पाठ करायला लावत होतो. वर्गाच्या खिडकीतून जिना दिसत होता, तरी कधी बोट केलं नाही.

तिने उतार मोजायचं क्लायनोमीटर डोळ्याला लावून आमच्या पायाखालच्या कड्यातली एक पट्टी धरली आणि म्हणाली, "आता ही पट्टी पश्चिमेकडे नजरेने चालव." चंद्रगडाकडची सोंड, त्यापलीकडे मंगळगडाचा डोंगर, त्यामागे धुरकट रांगा. कोकणात शिरलेल्या, मुख्य कड्यापासून सुटून पडलेल्या या डोंगरांत त्याच पट्ट्या, त्याच क्रमाने, जवळपास त्याच उंचीवर. कुठेही एक पायरी खाली सरकलेली नाही.

साडीचा काठ जोडताना अर्धा बोट जरी चुकला तरी लांबून दिसतं. इथे शेकडो मीटर खचलं असतं तर लपलं असतं का? मी फळ्यावर जी तिरकी रेघ काढत होते ती नेमकी इथे, या कड्याच्या पायथ्याशी असायची. आणि इथे काठाला काठ जुळत होता.

माझ्या डोळ्यांसमोर कापड्याचा तो मुलगा उभा राहिला, हात शर्टाला पुसणारा.

मी तरी वाद घातला. इतकी वर्षं शिकवलेलं एका दुपारीत सोडवत नाही. मी म्हटलं, मग जांभ्याचं काय? महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभा, पाचगणीच्या टेबललँडला जांभ्याची टोपी, आणि खाली रत्नागिरीत बघावं तिकडे जांभ्याचे चिरे. वरचाच थर खाली बसला याचा हाच पुरावा ना? वर्गात मी हा मुद्दा फार रंगवून सांगायची. भाची हसली नाही, ते बरं केलं. म्हणाली, जांभा हा ओतलेला थर नव्हेच, तो खडक उष्ण पावसाळी हवेत कुजून जागच्या जागी बनतो. माथ्यावरचा जांभा लाव्हा थांबल्यानंतर पठारावर बनला. खालचा त्यानंतर फार उशिरा, मधलं सगळं झिजून कोकणची सपाटी तयार झाल्यावर, तिथे जो खडक उघडा पडला त्यावर बनला. दोघांचा रंग एक, जन्म वेगळे. 1985 साली ऑलिअर आणि पुणे विद्यापीठाचे के. बी. पोवार यांनी पश्चिम घाटाच्या घडणीवर लिहिलेला लेख आहे म्हणाली, त्यानंतर जांभ्यावर आणखी बरंच काम झालंय. पुन्हा 1985. तेव्हा मी पोलादपुरात भाकरी थापायला शिकत होते.

मग तुटलं कुठे?

पश्चिमेला, समुद्राकडे, समुद्रात. लाव्हा ओतून झाल्यावर थोड्याच काळात, म्हणजे त्यांच्या हिशेबात तीस-चाळीस लाख वर्षांत, पश्चिमेकडची जमीन फाटून निघाली. सेशेल्सची बेटं म्हणजे आपल्यापासून सुटलेला तुकडा. त्या फाटण्याच्या वेळचे प्रस्तरभंग किनाऱ्याच्या आसपास आणि पाण्याखाली आहेत. जी मूळ भिंत तेव्हा उभी राहिली असेल ती किनाऱ्याजवळ कुठेतरी होती. नद्यांनी तिला खात खात पूर्वेकडे ढकललं. महाबळेश्वरपासून समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर आहे. ती सगळी माघार.

भिंत मागे कशी सरते हे घाटात रोज दिसतं. टणक थराखालचा मऊ थर आधी कुजतो, वरचा कडा पोटातून पोखरला जातो, त्याला उभ्या भेगा असतातच, मग एक फळी निखळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. कृष्णा आणि सावित्री एकाच पंचगंगेच्या देवळात उगम पावतात असं आपण मानतो. कृष्णा चौदाशे किलोमीटर रमतगमत बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री तेवढीच उंची काही किलोमीटरांत उतरून आमच्या दारात येते. कोण जास्त कातरत असेल ते सांगायला नको.

22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी महाड तालुक्यात तळिये गेलं, आमच्या तालुक्यात सुतारवाडी आणि केवनाळे. कुजलेल्या खडकाची माती पाण्याने जड होऊन टणक थरावरून सुटली. घाट कितीतरी दिवस बंद होता. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही.

थर कलले आहेत ते बघायचं तर पनवेलकडे जावं लागतं. तिथे आणि मुंबईच्या बाजूला बेसॉल्टचे थर आडवे न राहता पश्चिमेकडे उतरते झालेत. मुंबईला जाताना मी आता टेकड्यांच्या रेघांकडे बघते, आणि शेजारी बसलेल्याला दाखवते, त्याला नको असलं तरी. जॉन ऑडेन नावाच्या भूशास्त्रज्ञाने 1949 साली थरांच्या या कलण्याबद्दल लिहिलं. डब्ल्यू. एच. ऑडेन या इंग्रज कवीचा हा भाऊ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होता. घरात एक कविता करतोय आणि दुसरा पनवेलला दगड बघतोय. हा कल थर नुसते वाकल्याने आला की खाली प्रस्तरभंग आहे, यावर पुढे बरीच चर्चा झाली. 1998 मध्ये हेतू शेठ यांनी मांडलं की पश्चिमेला कोयत्यासारखा वाकडा, खोल जाता जाता आडवा होणारा प्रस्तरभंग असावा, आणि त्यावरून घसरताना थर त्याच्याकडे कलले. माझे दोन ठोकळे आणि पट्टीने काढलेली रेघ त्यापुढे अगदीच भाबडी होती.

आमच्या बाजूला कललेले थर दिसत नाहीत, पण भेगा आहेत. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचं गाव आहे, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखायचे तेव्हा आम्ही त्यांना तिथे नेत असू, पाटी, पंचा, कोरडं लुगडं घेऊन. कोकणात उत्तर-दक्षिण अशी या झऱ्यांची एक माळच आहे. पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, पुढे आरवली, राजापूर. दोन गावांच्या तर नावातच ऊन्ह आहे. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि भेगांतूनच परत वर येतं. सासूबाई म्हणायच्या सीतामाईने आंघोळ केली म्हणून पाणी गरम. मी भूगोलाची शिक्षिका असून त्यांना कधी दुसरं कारण सांगितलं नाही, कारण मला ते येत नव्हतं.

आणि एक भेग मी सहा वर्षांची असताना भोगली आहे. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून वीस-एकवीस मिनिटं. वाईच्या वाड्यात मी आजीच्या कुशीत होते. फडताळातली पितळी भांडी एकामागून एक खाली आली, आणि तो आवाज थांबल्यावर गोठ्यातली म्हैस ओरडत होती एवढंच ऐकू येत होतं. नंतर कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो, मोठी माणसं दबक्या आवाजात कोयनानगरचं बोलायची. सुमारे 180 माणसं गेली, 6.3 तीव्रतेचा धक्का. धरणाच्या पाण्यामुळे घडून आलेल्या भूकंपांमध्ये जगात याचं नाव पहिल्यांदा घेतात.

तो प्रस्तरभंग बेसॉल्टच्या पायऱ्यांत बघायला गेलं तर दिसत नाही. भूकंपानंतर दोनाचीवाड्याच्या बाजूला जमिनीला भेगा पडल्या त्यावरून त्याची दिशा कळली, उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैऋत्येकडे. खरी हालचाल कित्येक किलोमीटर खाली, लाव्हाच्या खालच्या ग्रॅनाइटमध्ये होते. 2017 मध्ये कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल विवर घेतलं, तेव्हा सुमारे साडेबाराशे मीटरवर बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागला. म्हणजे ज्याला आपण राकट, कणखर म्हणत आलो तो सगळा लाव्हा, खालच्या जुन्या खडकावर घातलेली गोधडी. भेग गोधडीखाली आहे. ती डोंगराची भिंत उभी करायला कारण नव्हती, आणि जी भिंत दिसते तिच्याखाली ती रेघ नाही. मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकृतीत कोंबल्या होत्या.

कोयना नदीचंच बघा ना. महाबळेश्वरहून निघून सरळ दक्षिणेला जाते, आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला भेटते. नदी अशी शिस्तीत वळली की खाली कुणीतरी वाट आखून दिलेली असावी, अशी शंका घ्यायला जागा असते. शिकवताना मी त्या वळणाला 'वैशिष्ट्यपूर्ण' एवढंच म्हणायची.

घरी आल्यावर मी त्या मुलाचा नंबर शोधला. फार शोधावं लागलं नाही, पोलादपूर एवढंसं आहे. तो आता चाळिशी पार केलेला, जेसीबी आहे त्याचा स्वतःचा, रस्त्याच्या आणि दरड उपसायच्या कामांवर असतो. फोनवर आधी त्याला वाटलं मुलीच्या लग्नाचं निमंत्रण आहे. मी म्हटलं, तू आठवीत मला एक प्रश्न विचारला होतास. त्याला आठवत नव्हता. मी सांगितला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मग बरोबर होतं का माझं?"

"बरोबर होतं. त्या कड्यापाशी काही तुटलेलं नाही. ते झिजलंय."

"पण बाई, एवढं झिजलं तर गेलं कुठे?"

ह्याला मी खाली बस म्हणू शकत नव्हते. बाणकोटच्या खाडीतून समुद्रात, म्हटलं, गाळ होऊन. त्याला ते लगेच पटलं. दर पावसाळ्यानंतर तो तेच तर उपसत असतो.

आता तो फोटो पाठवतो. कुठे नवीन कापणी झाली, आतून ताजी लाल पट्टी निघाली, की जेसीबीचा दात मापाला बाजूला ठेवून. खाली लिहितो, "ही तीच का?" मी ते भाचीला पाठवते. ती अंतरं, उंची, पट्टीखाली भोकं आहेत का, असलं काहीबाही विचारते, आणि त्याने ते चोख मोजून कळवलेलं असतं. परवाच्या फोटोत पट्टी एका जागी हातभर खाली सरकलेली दिसतेय, अगदी काठ चुकल्यासारखी. भाची म्हणते फोटोवरून काही सांगता येणार नाही, नुसती दरड सरकली असेल. तो म्हणतो, बाई, या आणि बघा. गुरुवारी सकाळच्या महाबळेश्वर गाडीने निघतेय.